जावयांच्या विटा, नातीचे ठोकळे

प्रश्न : आमचे जावई अडतीस वर्षांचे, पुण्यात इंजिनिअर आहेत. दिवाळीत त्यांच्याकडे गेले होते. रोज रात्री जेवणं झाली की ते टेबलावर लेगोच्या बारीक बारीक विटा लावत बसायचे. दोन हजारांवर तुकडे होते, त्यांतून ताजमहाल उभा राहिला. छान झाला, आम्ही कौतुकही केलं. पण माळ्यावर तसलीच आणखी दोन खोकी आहेत, ती त्यांनी उघडलेलीसुद्धा नाहीत. किंमत ऐकून मी गप्पच झाले. लहान मुलांच्या खेळण्यात मोठ्या माणसाला एवढं काय सापडतं? आणि ते इतकं महाग का? शिवाय आमची नात चार वर्षांची आहे, तिला ते हात लावू देत नाहीत. हे बरोबर आहे का?
— एक आजी, सांगली

उत्तर : पुढच्या वेळी पुण्याला जाल तेव्हा जावयांकडून दोन विटा मागून घ्या. एक दुसरीवर दाबा, मग ओढून काढा. बसताना बोटाला हलकासा ‘टक्’ जाणवेल. काढताना जोर लागेल, पण बेताचा. भिंत उचलली तरी निखळत नाही, आणि सोडवायची म्हटली तर हत्यार लागत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते या पकडीत आहे. ती साधायला एका सुताराच्या घराला जवळजवळ दहा वर्षं लागली.

डेन्मार्कमधल्या बिलुंड या खेड्यात ओले कर्क ख्रिश्चनसन सुतारकाम करत. मंदीत घरबांधणीची कामं आटली, तेव्हा १९३२ पासून ते लाकडी खेळणी करू लागले. डॅनिश भाषेत ‘लेग गॉट’ म्हणजे ‘छान खेळ’. त्या दोन शब्दांतून लेगो हे नाव आलं. महायुद्ध संपल्यावर त्यांनी प्लास्टिक साच्यात ओतणारं यंत्र घेतलं. एकमेकींवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटा मात्र त्याआधीच ब्रिटनमध्ये हिलरी पेज यांनी किडिक्राफ्ट या नावाने काढल्या होत्या. त्यांचा नमुना बिलुंडला पोचला आणि १९४९ मध्ये तिथेही तशा विटा होऊ लागल्या. लेगोची गोष्ट सांगताना पेज यांचं नाव बहुतेक वेळा गळून जातं, म्हणून मी ते मुद्दाम लिहिलं.

त्या विटा आतून नुसत्या पोकळ होत्या. खालच्या विटेचे गोल खुंट वरच्या विटेच्या भिंतींना जेमतेम टेकत, त्यामुळे जरा धक्का लागला की बांधकाम सुटे. ओले कर्क यांचे चिरंजीव गॉटफ्रेड यांनी २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी अर्ज केला, त्यात विटेच्या पोटात नळ्या आल्या. आठ खुंटांच्या विटेत तीन नळ्या. आता प्रत्येक खुंट तीन जागी दाबला जातो: कोपऱ्यातला खुंट दोन भिंती आणि एक नळी यांच्यात, मधला एक भिंत आणि दोन नळ्यांच्या मध्ये. ना गोंद, ना खिळा, सगळं घर्षणावर उभं. त्याच वर्षी मार्चमध्ये ओले कर्क वारले. मुलाच्या त्या नळ्या पुढे कुठवर जाणार आहेत, हे पाहायला ते राहिले नाहीत.

तेव्हाची मापं आजही बदललेली नाहीत. शेजारच्या दोन खुंटांमध्ये ८ मिलिमीटर अंतर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर, आणि पातळ प्लेट बरोबर त्याच्या एक तृतीयांश. म्हणून १९५८ ची वीट आजच्या विटेवर बसते. एवढंच की सुरुवातीच्या विटा सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या होत्या आणि ते प्लास्टिक वर्षांनुवर्षांनी वाकतं; १९६३ पासून एबीएस नावाचं टणक प्लास्टिक आलं, ते आकार धरून राहतं.

आता मोठी माणसं. आठ खुंटांच्या, एकाच रंगाच्या दोन विटा एकमेकींवर २४ प्रकारे बसतात. तीन घेतल्या की १,०६०. सहा घेतल्या तर? कंपनी बरीच वर्षं १०,२९,८१,५०० हा आकडा सांगत होती. त्यात फक्त सहा मजली मनोरे मोजलेले होते. विटा शेजारी शेजारीही पसरू शकतात, हे राहून गेलं होतं. कोपनहेगन विद्यापीठातले गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाकडून सगळं मोजून घेतलं तेव्हा उत्तर आलं ९१,५१,०३,७६५. सहा विटा, एका मुठीत मावतील एवढ्या! मुलाला हा आकडा ठाऊक नसतो, ते सरळ खेळू लागतं. मोठ्याला तो कळतो आणि त्याची बोटं शिवशिवतात.

पण खरं सांगायचं तर, रात्री दहा वाजता दमून आलेल्या माणसाला बहुधा अनंत शक्यता नको असतात. त्याला एक पुस्तिका हवी असते, जिच्या प्रत्येक पानावर दोन-चार तुकडे कुठे बसवायचे एवढंच काढलेलं असेल. गेल्या पावसाळ्यात मी एक दीपगृह बांधत होतो. शंभराव्या पानापुढे भिंत मिटेना, एका खुंटाची फट राहिली. मागे मोजत गेलो, तेव्हा चाळीस पानांआधी एक प्लेट एक खुंट सरकून बसल्याचं दिसलं. दोन संध्याकाळींचं काम उतरवलं, प्लेट हलवली, पुन्हा चढवलं. कुठे ओरखडा नाही, भोक नाही, चिकटपणा नाही. शिवण उसवली तरी सुईची भोकं दिसतात, लाकडातला खिळा उपटला तर खड्डा राहतो. इथे चूक खुणेशिवाय निघून जाते. त्या रात्री मला जी शांत झोप लागली, ती आजही आठवते.

या छंदातली माणसं तरुणपणीच्या त्या वर्षांना, जेव्हा कॉलेज, नोकरी, लग्न यांत विटांचा डबा विसरला जातो, ‘डार्क एजेस’ म्हणतात. अंधारातून परत आलेल्यांना कंपनीने फार काळ गिऱ्हाईक मानलं नव्हतं. २००७ मध्ये ‘कॅफे कॉर्नर’ नावाची दोन हजारांवर तुकड्यांची रस्त्याच्या कोपऱ्यावरची इमारत निघाली, तिच्याशेजारी जोडायला दरवर्षी नवी इमारत येऊ लागली, आणि मोठ्यांचं एक शहर वसलं. २०२० पासून मोठ्यांच्या खोक्यांवर १८+ असा आकडा छापतात. मला मात्र जास्त आदर वाटतो तो पुस्तिका बाजूला ठेवून स्वतःच्या डोक्यातलं काही उभं करणाऱ्यांबद्दल. त्यांच्या बोलीत अशा कामाला ‘मॉक’ म्हणतात. अशा कुणाच्या कल्पनेला दहा हजार माणसांनी पाठिंबा दिला, तर कंपनी तिचा विचार करते, आणि संच बाजारात आला तर विक्रीतला एक टक्का त्या माणसाला देते.

माळ्यावरच्या खोक्यांचं कारण वेगळं आहे. संच दोन-तीन वर्षं विकला जातो, मग बंद होतो; पुढे न उघडलेल्या खोक्याची किंमत पुष्कळदा चढते. मॉस्कोतल्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांनी १९८७ ते २०१५ मधले २,३२२ संच तपासले, तेव्हा सरासरी वाढ वर्षाला सुमारे ११ टक्के निघाली. सरासरीवर मात्र विसंबू नये. याचं उदाहरण ताजमहालच आहे. २००८ मध्ये ५,९२२ तुकड्यांचा मोठा ताजमहाल ३०० डॉलरला आला. बंद झाल्यावर जुन्या बाजारात तो हजारो डॉलरला जाऊ लागला. २०१७ मध्ये कंपनीने एका तुकड्याचा फरक करून तोच पुन्हा काढला आणि जपून ठेवलेल्या खोक्यांचे भाव कोसळले. तुमच्या जावयांनी बांधला तो बहुधा २०२१ चा धाकटा ताज असावा, २,०२२ तुकड्यांचा. माळ्यावरची खोकी त्यांनी म्हातारपणाची ठेव म्हणून ठेवली असतील, तर मी त्यांना बँकेकडे वळायला सांगेन. पावसाळ्यातल्या लांब रात्रींसाठी राखली असतील, तर राहू द्या.

महाग का, याचं अर्धं उत्तर साच्यांत आहे. पकड जमायची तर तुकड्याच्या मापात मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाचाच फरक चालतो. तसे साचे पोलादाचे, महागडे, आणि दर नव्या आकाराला नवा. एवढी काटेकोर वीट मजबूतही किती असते, ते ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत २०१२ मध्ये दाबयंत्राखाली ठेवून पाहिलं होतं: चार खुंटांची विटुकली सुमारे ४३० किलोंचा भार सोसून मगच चेपली. उरलेलं अर्धं उत्तर आपल्या सीमेवर आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोची मोहर सक्तीची आहे. म्हणून परदेशातून येणाऱ्या नातलगांच्या बॅगेत ही खोकी असतात. जावयांना सुटे तुकडे हवे असतील तर ब्रिकलिंक हा २००० मध्ये सुरू झालेला ऑनलाइन बाजार आहे. २०१९ मध्ये तो लेगोनेच घेतला. तिथे रंग आणि आकार सांगून एकच खिडकीसुद्धा मागवता येते.

ताजमहाल खिडकीच्या उन्हात ठेवला असेल तर आधी हलवायला सांगा. उन्हाने पांढऱ्या विटा पिवळ्या पडतात आणि पांढरा ताज पिवळा पाहवत नाही. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. धुवायचंच झालं तर कोमट पाण्यात, ४० अंशांच्या वर नको.

राहिली नात. जावई पूर्ण चुकले असं मी म्हणणार नाही, कारण ताजच्या मिनारांवरचे तुकडे डाळीच्या दाण्याएवढे आहेत आणि चार वर्षांच्या हाताला ते सापडले की हरवतात. पण हात लावूच द्यायचा नाही, हेही मला पटत नाही. लेगोनेच १९६९ मध्ये लहानग्यांसाठी डुप्लो काढलं. त्यातल्या ठोकळ्याची लांबी, रुंदी, उंची सगळं बरोबर दुप्पट असतं आणि खुंट आतून पोकळ असतात. ते उगाच तसे केलेले नाहीत: आठ खुंटांची छोटी वीट डुप्लोवर घट्ट बसते, कारण तिच्या पोटातल्या नळ्या त्या पोकळीत उतरतात. पुढच्या भेटीत नातीसाठी डुप्लोचा छोटा डबा घेऊन जा. तिला खाली जोतं बांधू द्या, आणि वरची पहिली वीट जावयांना लावायला सांगा.