कुनोला निघण्याआधी

लष्कर, ग्वाल्हेर

चि. सानिका,

तुझा बेत वाचला. चार दिवसांत आमचा किल्ला, ओरछा, खजुराहो आणि मधल्या एका दुपारी कुनोचं जंगल! तुम्ही मित्रमैत्रिणी पहिल्यांदाच इकडे येताय, सगळंच बघावंसं वाटणार. पण कुनोला असं मध्येच कोंबता येत नाही. एक तर खजुराहो सोडा, नाहीतर कुनो. माझं ऐकशील तर खजुराहो सोड, तिथे रेल्वेनं पुन्हा कधीही जाता येईल.

ग्वाल्हेरहून शिवपुरीपर्यंत मोठा हमरस्ता आहे. पुढे पोहरीवरून श्योपूरची वाट धरायची. विंध्याच्या टेकड्यांचा खडकाळ मुलूख, वस्ती विरळ, फोनला रेंज असली तर असली. अंधार पडल्यावर त्या रस्त्याला लागायचं नाही, हे मामा म्हणून बजावून सांगतो. म्हणून पहिला मुक्काम शिवपुरीला करा. ही ग्वाल्हेरच्या शिंद्यांची उन्हाळी राजधानी होती. माधवराव महाराज आणि त्यांच्या मातोश्री सख्याराजे यांच्या छत्र्या तिथे समोरासमोर आहेत, आणि सख्यासागर तलाव गावाला लागूनच, माधव राष्ट्रीय उद्यानात. मार्च २०२५ मध्ये त्या जंगलाला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. संध्याकाळ तिथे काढा आणि पहाटे कुनोकडे निघा. कुनोजवळ दोन रात्री राहा, त्याहून कमी नको.

आता तारखा. तू डिसेंबरची अखेर धरली आहेस, कारण तेव्हा सगळ्यांना सुट्टी असते. पण तेव्हा चंबळच्या या भागात सकाळी हाताच्या अंतरावरचं दिसत नाही, इतकं धुकं पडतं. परतीची गाडी उत्तरेकडून येते, तीही रखडते. जुलै ते सप्टेंबर जंगल पावसासाठी बंद, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर. फेब्रुवारीची अखेर किंवा मार्चचा पहिला पंधरवडा धर. पळस फुललेला असतो, करधई आणि सालई झडलेली असतात, त्यामुळे झाडांमधून नजर लांबवर जाते. सालईच्या खोडाजवळ गेलीस तर साल कागदासारखी पातळ पापुद्र्यांनी सुटलेली दिसेल. जिथे खाच पडली असेल तिथे डिंकाचा थेंब साकळलेला असतो, त्याला धुपासारखा वास येतो. हा डिंक गोळा करून सहरिया आदिवासींची कित्येक घरं चालली.

त्यांच्याबद्दल मुद्दाम लिहितो, कारण तुझ्या पत्रात सगळीकडे फक्त चित्ता आहे. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते आले, फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा. काही दगावले, काहींना इथेच पिल्लं झाली. पण ज्या मोकळ्या कुरणांत तुम्ही चितळांचे कळप बघाल, ती बरीचशी कुरणं म्हणजे कुणाची तरी शेतं होती. गीरच्या सिंहांना दुसरं घर हवं म्हणून नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून इथली चोवीस गावं उठवली. सुमारे दीड हजार कुटुंबं, बहुतेक सहरिया. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सिंह आणायचा आदेश दिला, तरी सिंह आले नाहीत. त्याच्याही शंभर वर्षं आधी माधवराव महाराजांनी आफ्रिकेतून सिंह आणवून डोबकुंडजवळ भिंतींच्या आवारात ठेवले होते. सोडल्यावर ते गुरांवर आणि माणसांवर जाऊ लागले आणि तो प्रयोग फसला. म्हणजे या जंगलात प्राणी आणण्याचे बेत पिढ्यान्‌पिढ्या होत आले, आणि त्यांची किंमत आजूबाजूच्या माणसांनी मोजली. कुरणात एखादी पडकी विहीर किंवा ओळीनं लावलेली झाडं दिसली तर वाटाड्याला विचार, हे कुठलं गाव? तो आसपासच्याच गावातला असला तर सांगेल, आणि मनापासून सांगेल. हे विचारल्याशिवाय परत येऊ नकोस.

चित्ता दिसेलच असं नाही. ‘नक्की दाखवतो’ म्हणणाऱ्या कुणालाही आगाऊ पैसे देऊ नका. जीप जवळ न्यायला वाटाड्याला भरीला पाडू नका, त्याचा परवाना जातो आणि जनावर बिथरतं. कुनो नदीकाठी पालपूरचा जुना किल्ला आहे. वाटाडा नेणार असेल तर तिथे जरा थांबा, मगरी उन्हाला पडलेल्या दिसू शकतात.

बुकिंग जंगलखात्याच्या संकेतस्थळावरूनच कर, आणि ज्या ओळखपत्रावर करशील तेच मूळ ओळखपत्र बरोबर ठेव, झेरॉक्स चालत नाही. उघड्या जीपमध्ये मार्चमध्येही पहाटे हुडहुडी भरते, तेव्हा कानटोपी आणि स्वेटर हवेतच. भडक कपडे, अत्तर नको. रोख पैसे शिवपुरीतच काढून घ्या.

आधी जंगलाच्या तारखा मिळव, मगच रेल्वेची तिकिटं काढ. तारखा ठरल्या की मला कळव, शिवपुरीपासून पुढची गाडी आणि ओळखीचा ड्रायव्हर मी ठरवून ठेवतो. किती जण आहात तेही लिही, मामी विचारते आहे.

तुझा
मामा