सुट्टीच्या घरातील चादर-टॉवेलांचा हिशेब

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दापोली या पट्ट्यात सुट्टीपुरते घर भाड्याने देण्याचा व्यवसाय चांगलाच वाढला आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबांतील कमावती माणसे मुंबईत नाही तर आखातात असल्याने गावचे घर बराच काळ बंद असते. त्यातून चार पैसे मिळू लागले तर आनंदच आहे. परंतु आमच्या दुकानी येणारे घरमालक पाहुण्यांच्या ज्या तक्रारी सांगतात, त्या बहुतेक चादर आणि टॉवेल यांवरून झालेल्या असतात. म्हणून कापडाच्या बाजूने थोडे लिहितो.

एका पलंगाला चादर-अभ्र्यांचे तीन जोड हवेतच. एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. सकाळी 11 ला एक कुटुंब जाते, दुपारी 2 ला दुसरे हजर होते, आणि कोकणच्या पावसात चादर दोन दिवसही वाळत नाही. दोन जोडांवर भागवणारा मालक मग अर्धओली चादर घालतो आणि कुबट वासाचा दोष झाडलोटीच्या बाईवर येतो.

मापातही फसगत होते. गादी 72 बाय 78 इंच, जाडी 6 इंच, आणि चादर घेतली 90 बाय 100 ची, तर रुंदीला दाबायला जेमतेम 3 इंच उरतात. सुती कापड पहिल्या धुण्यात आटले की तेही जवळपास गेले. चादर 108 बाय 108 ची घ्यावी. टॉवेल सोलापुरी उत्तम, पण वजन चौरस मीटरला 400 ते 450 ग्रॅम पुरे. 600 ग्रॅमचा टॉवेल दिसतो झोकदार, मात्र समुद्रकाठी वाळत नाही. नवा टॉवेल एकदा धुऊनच द्यावा, नाहीतर पाणी टिपत नाही. रंग पांढरा ठेवावा. छापील नक्षी मळ लपवते, आणि पाहुण्याला नेमका तोच संशय असतो.

डागांवरून सर्वांत जास्त भांडणे होतात. हळदीच्या डागाला साबण लागताच तो लाल होतो. मालक घाबरून अनामत कापतो. वास्तविक नीट धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकल्यास तो पुष्कळसा उडतो. रक्ताचा डाग थंड पाण्यानेच धुवावा, गरम पाण्याने तो पक्का बसतो. मेंदीचा डाग मात्र सहसा जात नाही. लग्नाची मंडळी उतरणार असतील तर जुनी गडद चादर आधीच काढून द्यावी.

पाहुण्यांनीही थोडे पाहावे. ओला टॉवेल गादीवर टाकू नये, पायाची वाळू बाहेरच्या नळावर धुवावी, आणि काही सांडले तर लगेच सांगावे. लपवलेला डाग दुसऱ्या दिवशी दुप्पट हट्टी होतो. मासळीचे हात किंवा चपला पुसण्यासाठी मालकाने जुन्या फडक्यांची चळत दारापाशीच ठेवलेली बरी. पाहुणा पांढऱ्या टॉवेलने चपला पुसतो आणि मजुरी बाईची कापली जाते, हा हिशेब आम्हाला मुळीच पटत नाही. तिची मजुरी खोल्यांप्रमाणे ठरवून वेगळी द्यावी.

चादरी-टॉवेल पाहुण्यांसमोर मोजून द्यावेत, जाताना मोजून घ्यावेत. त्यासाठी एक वही पुरते: तारीख, नग, आधीचे डाग आणि पाहुण्याची सही.