धारवाडला निघालेल्या भाचीस

गारगोटी

चि. प्राजक्ता,

बँकेच्या धारवाड शाखेत बदली झाली आणि कन्नड येत नाही म्हणून ती रद्द करून घ्यायच्या खटपटीत आहेस, असं तुझ्या आईनं सांगितलं. ती खटपट सोड.

आपल्या मुलखाला कन्नड परकं नाही. निपाणी-संकेश्वरच्या बाजारात दोन्ही भाषांत भाव ठरतात. सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यास गम्पर्झ आणि विल्सन या संशोधकांनी १९७१ साली प्रसिद्ध केला. तिथं कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदल्या. शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्यांची ठेवण इतकी जवळ आली, की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येई. धारवाडात इतकं सोपं नसेल, तरी क्रियापद शेवटी ठेवायची सवय तुला आहेच. शिवाय निर्जीव वस्तूंना तिथं तो-ती-ते लावत बसावं लागत नाही.

खरी अडचण वेगळीच येईल. धारवाडची माणसं अगत्याची. तू अडखळलीस की ती लगेच मराठीत नाहीतर हिंदीत बोलतील. तुझं काम भागेल आणि कन्नड राहून जाईल. म्हणून पहिल्याच दिवशी सहकाऱ्यांना सांग, "माझ्याशी कन्नडच बोला, चुकले तर सुधारा." शाखेतले शिपाई, भाजीवाली, घरमालकीण ही तुझी शाळा. साहेबीणबाईंनी लहान मुलासारखं बोलायचं म्हणजे लाज वाटेल, ती गिळ.

नुसतं ऐकून मात्र भागत नाही. कॅनडात शाळेचे विषयच फ्रेंचमधून शिकलेल्या इंग्रजी घरांतल्या मुलांना फ्रेंच उत्तम समजे, पण बोलण्या-लिहिण्यात ती मागे राहत. त्यावरून मेरिल स्वेन यांनी १९८५ साली मांडलं, की नुसतं समजून भागत नाही, स्वतः बोलावं-लिहावं लागतं. स्वतः वाक्य जुळवताना आपलं कुठं अडतं तेही कळतं. तेव्हा रोज चार वाक्यं तोंडानं बोल, आणि तीच दोन दिवसांनी, मग आठवड्यानं पुन्हा वापर. 'आहे'साठी पुस्तकात 'इदे' असेल, धारवाडात 'ऐती' ऐकशील. कानावर पडेल तेच उचल. लिपी लांबणीवर टाकू नकोस. वर्णमालेचा क्रम आपलाच आहे; ऱ्हस्व ए-ओ तेवढे नवे. बसच्या पाट्यांपासून सुरुवात कर.

आपल्या गारगोटीत मौनी विद्यापीठ उभारणारे जे. पी. नाईक मूळचे बहिरेवाडीचे. तरुणपणी त्यांनी धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरीत ग्रामसुधारणेचं काम केलं. पुढं शिक्षणाच्या ज्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते, त्यानं त्रिभाषा सूत्र सुधारून मांडलं. म्हणजे धारवाडची ही वाट आपल्याकडच्या माणसानं आधीच तुडवलेली आहे.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर तुझं मत काहीही असो. पेन्शनला आलेल्या आजीला तिचे पैसे का अडले, हे तिच्या भाषेत सांगता येणं हा तुझ्या नोकरीचाच भाग आहे.

तुझा,
मामा