काय कायम राहिलं ते आधी बघा

पोरांनो, आठवीचा 'चलन' हा धडा सुरू झाला की निम्मा वर्ग सूत्रं घोकायला बसतो. सूत्रं दोनच, ती पाठ होतातच. गणित अडतं ते कोणतं सूत्र कुठे लावायचं यात. म्हणून शहापूर-मुरबाडच्या खाचरांत आणि खळ्यांत जुन्या माणसांनी शिकवलेलं थोडं कानावर घालतो.

1. बदलत काय नाही, ते शोधा.
गिरणीत 100 किलो भात भरडून 65 किलो तांदूळ निघाला, तर त्याच भाताच्या 200 किलोंचा 130 किलो निघेल. भात वाढलं, तांदूळ वाढला, उतारा तोच. तांदळाला भाताने भागा, दर वेळी 0.65 येईल. भागाकार कायम राहिला, हे समचलन.
आता आवणी, म्हणजे भाताची लावणी घ्या. 12 माणसं 6 दिवसांत उरकतात, म्हणजे काम 72 रोजांचं. माणसं 18 मिळाली तर 4 दिवस, 8 च मिळाली तर 9. रोज मात्र 72 च. गुणाकार कायम राहिला, हे व्यस्तचलन. पुस्तक ज्याला चलनाचा स्थिरांक म्हणतं, तो हाच 0.65 आणि हाच 72.

2. दोन्ही वाढतात एवढ्यावर भुलू नका.
भातसा धरणात पाणी चढलं की साठा वाढतो. पण पाण्याची उंची दुप्पट झाली म्हणून साठा दुप्पटच होईल असं नाही, कारण खोरं वर रुंदावत जातं आणि वरच्या मीटरभरात खालच्यापेक्षा जास्त पाणी मावतं. चौरस खाचराची बाजू दुप्पट केली तर रोपं चौपट लागतात. तिथे समचलन आहे, पण ते बाजूच्या वर्गाशी. दुपटीला दुप्पट, तिपटीला तिप्पट, या कसोटीला उतरेल तेच साधं समचलन.

3. शून्य घालून बघा.
शून्य किलो भाताचा तांदूळ शून्य. पण टेम्पोवाला बसल्या जागी 500 रुपये आणि वर किलोमीटरला 20 घेत असेल, तर 10 किलोमीटरचे 700 होतात आणि 20 किलोमीटरचे 900. अंतर दुप्पट झालं, भाडं नाही. आधीच काही रक्कम धरलेली असली की समचलन मोडतं. समचलनाचा आलेख आरंभबिंदूतूनच जातो.

4. माप मोठं, मोजणी कमी.
पायलीत 4 शेर. 60 पायल्यांची रास शेराने मोजली तर 240 भरते. रास तीच, म्हणून हे व्यस्त. भास्कराचार्यांनी 1150 च्या 'लीलावती'त व्यस्त त्रैराशिक कुठे लावायचं ते सांगितलं आहे, त्यात मापाची ही जागा आहे. एकक बदलताना आकडा फुगायला हवा की आटायला, हे आधी ठरवा.

5. नियमाला बांध असतो.
त्याच 'लीलावती'त बैलाचं उदाहरण आहे: दोन वर्षं जुंपलेल्या बैलाची किंमत 4 निष्क (तेव्हाचं नाणं), तर सहा वर्षं जुंपलेल्याची किती? व्यस्ताने उत्तर येतं एक पूर्णांक एक तृतीयांश निष्क. वहीत ते बरोबर. मुरबाडकडच्या म्हसा गावच्या जत्रेतला जाणता शेतकरी मात्र बैलाचे दात, खूर आणि चाल बघूनच बोली लावेल. आवणीचंही तसंच. कागदावर 72 माणसं एका दिवसात काम संपवतात, पण तेवढ्यांना राबातली, म्हणजे रोपवाटिकेतली रोपं उपटून, मुठी बांधून पुरवणार कोण? 'सर्वांचा कामाचा वेग सारखा' हे गणितात गृहीत धरलेलं असतं, ते ओळखा.

6. आकडेमोडीआधी अंदाज.
कल्याण ते मुरबाड 30 किलोमीटर धरा. ताशी 30 ने एक तास, तर ताशी 40 ने तासाहून कमीच लागणार. उत्तर 80 मिनिटं आलं तर समजा, व्यस्ताच्या जागी सम लावलंत. खरं उत्तर 45 मिनिटं.

परीक्षेत पहिली ओळ 'कायम काय' ही लिहा: उतारा, काम, रास की अंतर. ती जमली की गुणायचं की भागायचं, हे वेगळं आठवावं लागत नाही.