बँकॉकला जाऊन पोट कमी करून यावं का?

प्रश्न : मी 42 वर्षांची आहे. आमची द्राक्षबाग आहे. दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. तेव्हापासून सुटलेलं पोट काही केल्या आत जात नाही. मोबाइलवर बँकॉकच्या एका पॅकेजची जाहिरात सारखी येते. विमानतळावरून गाडी, हॉटेल, लायपोसक्शन, दोन दिवस फिरणं आणि आठवड्यात घरी परत. एप्रिलची खरड छाटणी उरकली की मला थोडी सवड असते. नाशिकला करायचं म्हटलं तर गावभर होईल. तिकडे गेले तर सहलीला गेले असं सांगता येईल. शिवाय परदेशात तंत्रही पुढारलेलं असणार. जावं का? आणि आधी काय काय माहीत करून घ्यावं?
– एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : ताई, ‘गावभर होईल’ हे तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, बरं झालं. पैसे वाचतात, तंत्र चांगलं असतं ही सांगायची कारणं असतात. अशा ऑपरेशनला परदेशी जाणाऱ्या पुष्कळ जणींचं मनातलं कारण ‘कोणाला कळू नये’ हेच असतं. त्याकडे येतेच, आधी पोटाचं बघू.

उताणं झोपा आणि बेंबीशेजारची कातडी चिमटीत धरा. चिमटीत जाडजूड वळकटी आली तर ती कातडीखालची चरबी. लायपोसक्शनने निघते ती एवढीच. चिमटीत फारसं काही येत नाही, पण पोट मात्र टणक आणि पुढे आलेलं, असं असेल तर चरबी आत आतड्यांभोवती आहे, तिथपर्यंत कोणतीही नळी पोचत नाही. ती उतरवायला आहार आणि चालणंच लागतं. तिसरी शक्यता तुमच्या बाबतीत मला जास्त वाटते. दोन गरोदरपणांत पोटाचे स्नायू मधोमध फाकतात आणि कातडी सैल पडते. अशा वेळी चरबी ओढून काढली तर कातडी आणखीच लोंबते. त्यावरचा उपाय टमी टक, म्हणजे जादा कातडी कापून स्नायू शिवणं. ते वेगळं आणि मोठं ऑपरेशन आहे. यातलं तुमचं नेमकं कोणतं, हे फोटो पाहून कोणी सांगू शकत नाही. हात लावूनच बघावं लागतं.

वजन आणि साखर कमी होईल, ही आशाही सोडा. 2004 साली अमेरिकेत 15 लठ्ठ महिलांची लायपोसक्शनने सरासरी नऊ-दहा किलो चरबी काढून दोन-तीन महिन्यांनी तपासण्या केल्या. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, कशातच सुधारणा नव्हती.

इथे बऱ्याच जणांचा एक घोळ होतो. 2017 च्या फेब्रुवारीत इजिप्तच्या इमान अहमदला मालवाहू विमानातून मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. तिच्यावर झाली ती बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया, म्हणजे जठर लहान करण्याची. लायपोसक्शनशी तिचा संबंध नाही. पण परदेशी उपचारांत पुढे काय काय होऊ शकतं, ते त्या प्रकरणात दिसलं. ऑपरेशननंतरच्या उपचारांवरून कुटुंब आणि रुग्णालय यांच्यात जाहीर वाद झाला, मे महिन्यात तिला अबुधाबीला हलवलं आणि सप्टेंबरमध्ये तिथेच तिचा मृत्यू झाला. तिचा आजार अर्थात फार गंभीर होता, तुमची तिच्याशी तुलना नाही. पण तिसऱ्या देशातल्या डॉक्टरांच्या हाती केस जाणं म्हणजे काय, ते समजावं म्हणून सांगितलं.

आता लायपोसक्शनचं ऑपरेशन. 1970 च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझ यांनी ते रूढ केलं आणि 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या जेफ्री क्लाइन या त्वचारोगतज्ज्ञाने त्यातला रक्तस्राव कमी करण्याची युक्ती काढली. सलाइनमध्ये लिडोकेन हे बधिर करणारं औषध आणि रक्तवाहिन्या आकसणारं अ‍ॅड्रेनॅलिन मिसळून ते पाणी कातडीखाली भरतात. पोट टम्म फुगतं. मग पेन्सिलीहून बारीक पोकळ नळी छोट्याशा छेदातून आत घालून मागे-पुढे, मागे-पुढे फिरवत चरबी ओढतात. बरणीत वर पिवळी चरबी तरंगते आणि खाली लालसर पाणी बसतं. एका वेळी पाच लिटरच्या वर काढायचं असेल तर रुग्णाला रात्रभर रुग्णालयात ठेवावं, असा संकेत आहे.

जाहिरातीत पुढचे दिवस नसतात. छेदांतून दोन-तीन दिवस गुलाबी पाणी झिरपतं, गादीवर टॉवेल अंथरावा लागतो. पोटाला घट्ट पट्टा आठवडेच्या आठवडे बांधायचा असतो. सूज पूर्ण उतरायला काही महिने जातात, तोवर निकाल कळत नाही. शिवाय भरलेलं लिडोकेन रक्तात सावकाश उतरतं. त्याचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं ते ऑपरेशननंतर दहा-बारा तासांनी. मात्रा जास्त झाली असेल तर ओठ-जीभ बधिर होतात, कानात आवाज येतो, पुढे झटकेही येऊ शकतात. पॅकेजवाली बाई तेव्हा हॉटेलच्या खोलीत असते, बहुधा एकटी. चरबीचे कण रक्तात शिरून फुप्फुसात अडकण्याचा धोका पहिल्या दोन-तीन दिवसांत असतो. पायात रक्ताची गुठळी होऊन ती वर सरकण्याचा धोका पुढचे काही आठवडे राहतो.

हे उगाच भीती घालायला लिहीत नाही. 2009 ते 2022 या काळात कॉस्मेटिक सर्जरीसाठी डॉमिनिकन रिपब्लिकला गेलेल्या 93 अमेरिकन नागरिकांचे मृत्यू अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने नोंदवले आहेत. ज्यांची कागदपत्रं बारकाईने तपासता आली त्यांतले बहुतेक मृत्यू चरबी किंवा गुठळी फुप्फुसात अडकून झालेले होते. लायपोसक्शन जवळजवळ प्रत्येकीने केलेलं होतं, आणि अनेकींनी ‘आलोच आहोत तर’ म्हणून एकाच बैठकीत दोन-तीन ऑपरेशनं उरकली होती. याच देशातून परतलेल्या काही जणींच्या जखमांत क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदांपैकी एक चिवट जंतू सापडला. तो नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही, उपचार कित्येक महिने चालतात. 2023 मध्ये मेक्सिकोतल्या मातामोरोस शहरात दोन क्लिनिकमध्ये कण्यात भूल दिलेल्या महिलांना बुरशीमुळे मेंदूज्वर झाला आणि काही जणी दगावल्या. बँकॉकमध्ये उत्तम रुग्णालयं आहेत, हे मान्य. पण पॅकेज विकणारा दलाल तुम्हाला त्यांतल्याच एकात नेईल, याची हमी कोण देणार?

परतीचा प्रवासही मोजा. लायपोसक्शननंतर किमान 5 ते 7 दिवस विमानात बसू नये, असं ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सांगते. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर 10 दिवस थांबावं, असा अमेरिकेतला सल्ला आहे. ओझरचं विमानतळ तुमच्या दाराशी असलं तरी बँकॉकहून उतरायचं मुंबईलाच. म्हणजे चारेक तास विमानात आणि मग कसारा घाट चढून पिंपळगावपर्यंत आणखी चार-पाच तास गाडीत. पाय दुमडून, पोटाला पट्टा आवळून. गुठळी व्हायला याहून सोयीची परिस्थिती सांगता येणार नाही.

आणि आता तुमची ‘सहल’. समजा, घरी आल्यावर आठव्या दिवशी पोटरी दुखून सुजली किंवा दम लागू लागला. गावातल्या डॉक्टरांना तुम्ही काय सांगाल? सहलीला गेले होते, असं? मग ते पित्ताची गोळी देतील, त्यात त्यांची चूक नाही. गुठळीच्या उपचारात तास मोलाचे असतात आणि ते लपवाछपवीत जातात. गावाला सांगू नका, गावाचा काय संबंध! पण नवऱ्याला किंवा बहिणीला आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय हे करू नये. तसंही नाशिकच्या रुग्णालयात कोणी कशासाठी आलं, हे पिंपळगावात कळायचं काही कारण नसतं. कळलंच, तर बाजार समितीत टोमॅटोचा भाव पडेपर्यंत चर्चा होईल, पुढे नाही.

पैशाचं थोडक्यात. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया बसत नाही. प्रवास विमाही ठरवून केलेल्या उपचारांना नसतो. गुंतागुंत झाली तर तो खर्चही बहुधा अंगावर येतो. डॉक्टरांच्या सेवेला ग्राहक कायदा लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितलंय आणि 2019 च्या कायद्याने तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते. नाशिकच्या आयोगाचा आदेश बँकॉकच्या क्लिनिकवर बजावून पैसे वसूल करणं मात्र कागदावरच राहील.

तुम्ही युरोपला द्राक्षं पाठवत असाल तर कंटेनरमधल्या पेटीवरून बाग कोणाची, फवारण्या कोणत्या, उर्वरित अंशाची तपासणी कुठे झाली, हे सगळं शोधता येतं. तेवढीच चौकशी इथे करा. ऑपरेशन करणाऱ्याचं नाव आणि पदवी काय? ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पाटी असते, पदवी नव्हे. आपल्याकडे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी बघायची आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासायची. भूलतज्ज्ञ हजर असेल का? अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का? घरी गेल्यावर त्रास झाला तर फोन कोण उचलणार? बँकॉकच्या दलालाला हे विचारून पाहा. उत्तरं टोलवायला लागला की ओळखा.

राहिलं ‘पुढारलेलं तंत्र’. लायपोसक्शनची नळी आणि औषधं सगळीकडे तीच आहेत. आणि या विद्येत आपल्याकडून तिकडे गेलेलंही बरंच आहे. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाला पुण्याजवळच्या एका कुंभाराने कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. ती हकिकत 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये चित्रासह छापून आली आणि 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी त्याच पद्धतीने लंडनमध्ये नाक केलं. आज तर नाशिकमध्येच 1998 पासून राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, एम.सीएच. झालेल्या राज्यातल्या कितीतरी सर्जनांच्या पदवीवर त्याचं नाव असतं.

तेव्हा माझं मत सांगते. हे पॅकेज घेऊ नका. आधी नाशिकला पात्र प्लास्टिक सर्जनला प्रत्यक्ष दाखवा, जमल्यास दोघांना. हिमोग्लोबिन आणि साखर तपासा. मिश्री लावत असाल तर ती ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी बंद. त्यातल्या निकोटिनने जखम भरत नाही. पाळीच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं, वजन उतरवणारी चूर्णं, जे काही घेता ते सर्जनला सांगा. करायचंच ठरलं तर मे महिना बरा, कारण नंतर महिना-दीड महिना वजन उचलता येणार नाही आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला तुम्ही बागेत हव्यात. बँकॉकला जायचं असेल तर पुढच्या वर्षी घरच्यांना घेऊन खरोखरच फिरायला जा.