पियानोवादक आणि रचनाकार : एका आयुष्यातले दोन व्यवसाय

पियानोवादन आणि संगीतरचना हे एकाच वाद्यापाशी बसून करायचे, तरी दोन निराळे व्यवसाय आहेत. वादकाला रोजचा रियाज चुकत नाही आणि कार्यक्रमांसाठी गावोगाव फिरावे लागते. रचनाकाराला हवा असतो सलग, मोकळा वेळ. वादकाची बिदागी कार्यक्रमाबरोबर हाती पडते, रचनेचा मोबदला कधी मिळेल याचा नेम नसतो. सर्गेई रखमानिनॉफ (१८७३–१९४३) या रशियन कलावंताच्या कारकिर्दीत ही ओढाताण लख्ख दिसते.

त्यांना पियानोचे पहिले धडे आईने वयाच्या चौथ्या वर्षी दिले. वडिलांनी जमीनजुमला गमावल्यावर कुटुंब सेंट पीटर्सबर्गला आले. तिथल्या संगीतविद्यालयात हा मुलगा बाराव्या वर्षी संगीतेतर विषयांत नापास झाला. वाद्यावर हात उत्तम, पण अभ्यासात लक्ष नाही, ही अनेक घरांतली तक्रार त्याही घरात होती. नात्यातल्या एका पियानोवादकाच्या सल्ल्यावरून आईने त्याला मॉस्कोला निकोलाय झ्वेरेव यांच्याकडे ठेवले. झ्वेरेव निवडक मुलांना विनामूल्य घरी ठेवून शिकवत. पहाटे सहाला रियाज सुरू होई. पाळी ज्याची असेल त्याला आदल्या रात्री कितीही उशीर झाला तरी सूट नसे. जी शिस्त शाळेने लावली नाही, ती या घराने लावली.

मात्र मुलाला रचनाही करायची होती आणि त्यासाठी एकांत हवा होता. यावरून १८८९मध्ये गुरुशिष्यांत दुरावा आला. तीन वर्षांनी, एकोणिसाव्या वर्षी, ‘अलेको’ ही एकांकी संगीतिका लिहून रखमानिनॉफ मॉस्कोच्या संगीतविद्यालयातून सुवर्णपदकासह बाहेर पडले, तेव्हा झ्वेरेव यांनी स्वतःचे घड्याळ त्यांना भेट दिले.

१८९२मध्येच त्यांनी सी शार्प मायनरमधला प्रसिद्ध प्रेल्यूड लिहिला. प्रकाशकाकडून त्याचे चाळीस रूबल मिळाले. रशिया तेव्हा कॉपीराइटविषयक आंतरराष्ट्रीय बर्न करारात सामील नसल्याने परदेशात या रचनेला संरक्षण नव्हते. युरोप-अमेरिकेत ती अमाप खपली आणि रचनाकाराला त्यातले काही मिळाले नाही. रचनेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने सुरावटींइतकेच हक्कांचे कागदही वाचायला शिकावे, ते यासाठी. भारतात कॉपीराइट कायद्यातील २०१२च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या रचनाकारांचा रॉयल्टीतील वाटा राखून ठेवला आहे. तरी करारावर सही करण्यापूर्वी तो जाणत्या माणसाला दाखवणे आवश्यकच असते.

१८९७मध्ये त्यांची पहिली सिंफनी सपशेल पडली. समीक्षकांनी झोडपले आणि जवळजवळ तीन वर्षे त्यांच्याकडून महत्त्वाचे काही लिहून झाले नाही. या काळात ते शिकवण्या करत होते, एका खासगी ऑपेरा मंडळीत त्यांनी वाद्यवृंद संचालनही केले. १९००मध्ये खचलेल्या मनासाठी डॉ. निकोलाय डाल यांचे उपचार सुरू झाले आणि पुढच्या वर्षी दुसरा पियानो कॉन्चेर्टो पूर्ण झाला. तो त्यांनी डाल यांनाच अर्पण केला. कलावंताच्या मनावर आलेले मळभ हे आळस किंवा नखरे समजून घरच्यांनी टोचत राहणे घातक ठरते. वैद्यकीय मदत वेळेवर घेणे हाही कारकीर्द सांभाळण्याचाच भाग आहे.

खरी निवड १९१७च्या क्रांतीने करायला लावली. त्या डिसेंबरमध्ये पत्नी व दोन मुलींसह त्यांनी रशिया सोडला. मिळकत मागेच राहिली. अमेरिकेतून वाद्यवृंद संचालनाचे प्रस्ताव आले, ते त्यांनी नाकारले आणि पंचेचाळिशीत मैफली गाजवणाऱ्या वादकाचा पेशा धरला. तोवर ते मुख्यतः स्वतःच्याच रचना वाजवत, त्यामुळे इतरांच्या कृतींचा संग्रह नव्याने बसवावा लागला. रियाज ते अतिशय संथ लयीत करत, इतक्या की ऐकणाऱ्याला ओळखीची रचना ओळखू येऊ नये. मैफली आणि ध्वनिमुद्रणांनी घर उत्तम चालले.

रचनेला मात्र उसंत उरली नाही. रशियात असताना त्यांनी ३९ क्रमांकित रचना प्रसिद्ध केल्या होत्या. पुढच्या २५ वर्षांत फक्त सहा. त्यांत १९३४ची पॅगानिनीच्या सुरावटीवरची ‘रॅप्सडी’ आहे आणि १९४०ची ‘सिंफनिक डान्सेस’ ही अखेरची. वादन शेवटपर्यंत चालू होते. फेब्रुवारी १९४३मध्ये नॉक्सव्हिलला त्यांची शेवटची मैफल झाली आणि पुढच्याच महिन्यात त्यांचे निधन झाले.