नफा मोजक्यांचा, तोटा सर्वांचा?



बँक ठेवीदाराच्या विश्वासावर आणि कर्जदाराच्या परतफेडीवर उभी असते. ठेवीदार आपली रक्कम केव्हाही मागू शकतो. दिलेले कर्ज मात्र वर्षानुवर्षांनी परत येते. संकटसमयी हे अंतर भरून काढण्यास देशाची मध्यवर्ती बँक धावून येते, कारण स्वदेशी चलन निर्माण करणे तिच्या हाती असते. परंतु बँकेचे देणे परकीय चलनात असेल आणि बँक देशाच्या अर्थव्यवस्थेहून मोठी झाली असेल, तर कोण धावून येणार?

आइसलँड या सुमारे तीन लाख वस्तीच्या देशापुढे 2008 साली हाच प्रश्न उभा राहिला. ग्लिटनिर, लँड्सबँकी व कौपथिंग या तीन बँकांनी परदेशांतून अल्पमुदतीची कर्जे उचलली. लँड्सबँकीने ‘आइससेव्ह’ या नावाने ब्रिटन व नेदरलँड्समधील कुटुंबांच्या ठेवीही गोळा केल्या. या बँकांचा एकत्रित पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे दहापट झाला. सप्टेंबरात अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स कोसळली, परदेशी कर्ज मिळणे थांबले आणि 7 ते 9 ऑक्टोबर या तीन दिवसांत तिन्ही बँका सरकारी यंत्रणेच्या ताब्यात गेल्या.

याची झळ कोणाला लागली, ते पाहा. अनेक कुटुंबांनी येन वा स्विस फ्रँकशी जोडलेली कर्जे घेतली होती. मिळकत क्रोनामध्ये आणि देणे परकीय चलनाच्या भावाने! क्रोनाचे मोल सुमारे निम्म्यावर आले, तसा कर्जाचा बोजा दुपटीकडे गेला. बँकेच्या मोठ्या व्यवहारात ज्यांचा काडीमात्र वाटा नव्हता, त्यांचेही रोजगार गेले. पुढे जून 2010 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशी चलन-जोडणी बेकायदेशीर ठरवली.

आयर्लंडने वेगळा मार्ग धरला. सरकारने आपल्या प्रमुख बँकांच्या देण्यांची हमी घेतली. तो भार सरकारी तिजोरीला पेलवेना आणि 2010 च्या अखेरीस त्या देशाला 85 अब्ज युरोंच्या साहाय्य-योजनेचा आधार घ्यावा लागला. बँकांचे कर्ज असे जनतेचे कर्ज झाले.

इस्लामी अर्थविचाराचे एक सूत्र येथे लक्षात घ्यावे. लाभाचा हक्क जोखीम उचलणाऱ्याला असतो. नफा आपला व बुडीत दुसऱ्याचे, ही वाटणी न्यायाची नव्हे. संपत्ती केवळ धनिकांमध्येच फिरत राहू नये, ही शिकवण सूरह हश्रमध्ये आहे. अडचणीतील ऋणकोला सवड द्यावी, ही सूरह बकरामध्ये.

आपल्या देशात रिझर्व्ह बँकेने स्टेट बँक, एचडीएफसी व आयसीआयसीआय या बँकांना व्यवस्थेच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरवून त्यांच्यावर अधिक भांडवल राखण्याचे बंधन घातले आहे. हेतू हाच की, तोटा प्रथम मालकांनी सोसावा.

ज्या घरांत आखातातून पैसा येतो, त्यांना चलनाचे चढउतार परिचित आहेत. म्हणून कोणतेही देणे अंगावर घेण्यापूर्वी स्वतःला विचारा : माझी मिळकत कोणत्या चलनात आहे, देणे कोणत्या चलनात आहे आणि भाव उलटल्यास तोटा कोण सोसणार? याचे स्पष्ट उत्तर मिळाल्याखेरीज करारावर स्वाक्षरी करू नका.